पोटरी आंबट होत नाही

३ डिसेंबर २०१७, सरावली

मुंबईहून घरी आले. आईने विचारलं, "किती दिवस?" पप्पांनी विचारलं, "कायमची?" दोघांना एकच उत्तर दिलं: काम होईपर्यंत.

काम असं. एमआरआयच्या बोगद्यात माणूस आडवा पडलेला असताना त्याला व्यायाम करायला लावायचा आणि त्या वेळी त्याच्या पोटरीत इंधन कसं जळतं ते बाहेर बसून बघायचं. तिथे चुंबक एवढा ताकदवान असतो की लोखंड जवळ नेता येत नाही. म्हणून व्यायामाचं यंत्र बिनलोखंडी हवं. परदेशात तयार मिळतं. त्याच्या किमतीत डहाणूला चिकूची बऱ्यापैकी वाडी येते. आमच्या संस्थेकडे यंत्र नाही आणि वाडीही नाही. मी आहे. गोरक्षकर सर म्हणाले, "निशिगंधा, तू इन्स्ट्रुमेंटेशनची आहेस. स्वस्तात कर काहीतरी." 'स्वस्तात' हा शब्द त्यांनी इतक्या मायेने उच्चारला की माझा पगार ठरवतानाही तोच वापरला असावा.

मार्चअखेरीपर्यंत एका निरोगी माणसावर यंत्र नीट चाललं तर ते सरांच्या अभ्यासात जाणार आणि माझी नेमणूक पुढे चालू राहणार. नाही चाललं तर पप्पांचा प्रश्न बरोबर होता.

५ डिसेंबर

निरोगी माणूस घरातच सापडला. धाकटा भाऊ ऋषभ. वय तेवीस, उंची-वजन पुस्तकातलं, व्यसन फक्त मोबाइलचं. दिवसभर मोकळा असतो, कारण पोलीस भरतीची तयारी करतो. तयारी म्हणजे बूट घेऊन झालेत.

आमचा सौदा झाला. तो माझ्या यंत्रावर झोपणार, मी त्याला सोळाशे मीटर धावायला तयार करणार. मार्चमध्ये पालघरला मैदान, म्हणजे भरतीची शारीरिक चाचणी आहे. यंदा नाही झालं तर पप्पा त्याला वाडीत कायमचा जुंपणार, आणि तसं झालं तर आपण मेलोच असं त्याचं म्हणणं.

"ताई, तू कधी धावलीयस का?"

"नाही. पण वेग, वेळ आणि अंतर यांचं गणित मला येतं."

"मग गणितच पाठव ना भरतीला."

ऋषभ आळशी आहे, ही गोष्ट आमच्या घरात सिद्ध करावी लागत नाही. चिकूचा क्रेट उचलतो, अर्ध्या वाडीत खाली ठेवतो आणि हात चोळत बसतो. शाळेत असताना कबड्डीत पहिली चढाई झाली की पाय धरून बाहेर. आणि क्रेट उचलायच्या आधी चार पिकलेले चिकू खाल्ल्याशिवाय हलत नाही. पप्पा म्हणतात, "याला पगार आधी लागतो, काम नंतर."

९ डिसेंबर

तलासरीला जाऊन आले. तिथून आत काकड्या नावाचे सुतार आहेत. बैलगाडीचं काम लाकडी खुंट्यांवर करतात, खिळा न वापरता. मला हवं तेच. मी नकाशा काढून नेला होता: पाठीखाली फळी, टोकाला पाऊल ठेवायचं पॅडल, पॅडलला मागून ताण. पडल्या पडल्या पॅडल दाबलं की पोटरी कामाला लागते.

काकड्यांनी नकाशा उलटा धरला, सुलटा केला आणि विचारलं, "बाय, यावर माणूस आडवा पडंल?"

"हो."

"आनि लोखंड एक बी नाय?"

"एकही नाही."

"असा काम तर तिरडीचाच होतो."

मी चुंबकाचं समजावलं, यावर माझा धाकटा भाऊच झोपणार हेही सांगितलं. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं, विडी पेटवली आणि मान हलवली. मान हलवणं म्हणजे होकार असा माझा समज आहे.

२१ डिसेंबर

ताणासाठी रबर. डहाणूला रबर शोधायला लांब जावं लागत नाही. देशातल्या निम्म्या वाढदिवसांचे फुगे इथलेच, असं प्रितेश सांगतो. तो ऋषभचा मित्र, त्याच्या वडिलांचा फुग्यांचा कारखाना आहे. त्याने बिनरंगाचं जाड रबर पट्ट्यांमध्ये कापून दिलं.

"निशू, हे संशोधन छापून आलं की आमचं नाव येईल ना?"

"आभारात."

"फोटो?"

"फुग्याचा."

पट्ट्यांना वजनं टांगून ताण मोजला. महिनाभर वापरल्यावर किती सैल पडतील त्याचा अंदाज काढला. अपेक्षेपेक्षा बऱ्या निघाल्या. इतक्या भरवशाची वस्तू या घरात दुसरी नाही.

३० डिसेंबर

पारनाक्याच्या किनाऱ्यावर ऋषभचा सराव. भरती ओसरल्यावर वाळू कडक असते, धावायला चांगली. मी हातात घड्याळ घेऊन उभी. ऋषभ जोरात सुटला, सुरूच्या झाडांच्या रांगेच्या निम्म्यापर्यंत गेला आणि मटकन खाली बसला.

"पोटरी दगड झाली, ताई. हात लावून बघ."

लावला. खरंच घट्ट होती. स्नायू आवळून धरला की घट्ट लागतो. नाटक करणाऱ्याला एवढं जमतंच.

"ऊठ."

"थांब जरा."

थोडा वेळ बसला. मग उठला, आधी चालला, मग सावकाश पळू लागला, आणि त्यानंतर जो पळत राहिला तो पुढच्या नरपड गावापर्यंत जाऊन परत आला. दम लागलेला नाही, घामही बेताचा. वर मला म्हणतो, "आता मस्त वाटतंय. अजून एक फेरी मारू?"

निष्कर्ष: पायात जोर आहे, छातीत दम आहे. मन नाही. वेगात जे कष्ट पडतात ते टाळायचे आणि रमतगमत फिरायचं. नोंद करून ठेवली.

१४ जानेवारी २०१८, मुंबई

संस्थेचं मशीन रविवारीच मोकळं असतं. आज आमची पाळी होती. प्रितेशच्या टेम्पोतून फळी आणली, ऋषभला आणलं, आईने दिलेले तिळाचे लाडू आणले. दारातच टेक्निशियन फर्नांडिस हातचुंबक घेऊन उभा होता. सगळीकडून फिरवला. डोक्याच्या बाजूला, फळीच्या खालून, टक् असा आवाज झाला आणि चुंबक तिथेच चिकटून राहिला.

खिळा. एकच. बोटाच्या पेराएवढा, आत ठोकून वर मेण भरलेलं.

फर्नांडिस म्हणाला, "मॅडम, हा आत सुटला असता तर पेशंटच्या डोक्यात."

गोरक्षकर सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं. आजची वेळ गेली, पुढची फेब्रुवारीत. संपूर्ण संस्थेत आज फक्त ऋषभ आनंदात होता. लाडू त्यानेच संपवले.

१७ जानेवारी

तलासरी. काकड्यांच्या पुढ्यात खिळा ठेवला.

"तुम्ही मान हलवली होती."

"हलवली. मंग पोराचा इचार केला." त्यांनी खिळा उचलून निरखला. "लोखंड नाय त्यावर जिता मानूस झोपत नाय, बाय. बाळंतिणीच्या उशाला कोयता ठेवताव तो कशाला?"

"हा खिळा त्याच्या डोक्यात गेला असता."

"गेला का?"

"नाही."

"पोर घरी आला?"

"आला."

"मंग?"

असा युक्तिवाद आमच्या संस्थेत चालत नाही. बराच वेळ घासाघीस झाली. शेवटी लोखंड बाद, त्याऐवजी फळीला सुती काळा दोरा, यावर तडजोड झाली. काळा दोरा अचुंबकीय आहे. मंजुरी दिली.

११ फेब्रुवारी, मुंबई

फर्नांडिसने चुंबक दोनदा फिरवला. काही चिकटलं नाही. दोऱ्याकडे बघून हसला, तेवढंच.

यंत्र चाललं. मी बनवलेलं. लाकूड, फुग्याचं रबर आणि दोरा. चित्रात कुठेही डाग नाही, कंप नाही. मी चेहरा सरळ ठेवला.

यंत्र काय दाखवतं ते इथे लिहून ठेवते, म्हणजे पुढे वाचताना माझंच मला समजेल. स्नायूत इंधनाचा एक छोटा हातचा साठा असतो. व्यायाम सुरू झाला की आधी तो वापरला जातो. मग स्नायू आपल्यात साठवलेली साखर फोडून जाळतो, आणि त्याने स्नायू आंबट होतो. जोराचा व्यायाम म्हणजे साठा खाली, आंबटपणा वर. कोणाचंही, कुठेही.

ऋषभचा साठा भराभर तळाला गेला. आंबटपणा जागचा हलला नाही. उलट किंचित कमी झाला.

माइकमधून आवाज आला, "ताई, पोटरी दगड होतेय."

"आणखी एक मिनिट."

"ताई, खरंच."

"ऋषभ, एक मिनिट."

मिनिट भरायच्या आत त्याने पाय सोडला. सर पडद्याकडे बघून म्हणाले, "पुरेसा जोरच लागत नाहीये याला. तुझं रबर मऊ आहे."

पण जोर लागत नसेल तर साठा तळाला कसा गेला? हलक्या व्यायामात तो एवढा उतरत नाही. आणि साठा उतरला तर आंबटपणा हवाच. दोन्ही गोष्टी एकाच पोटरीत शक्य नाहीत. याचा अर्थ मोजण्यात चूक आहे. खिळ्यानंतर या यंत्राबद्दल माझं मत असंही फार चांगलं राहिलेलं नाही.

परत येताना ऋषभ टेम्पोत पाय लांब करून पडला होता. प्रितेशने विचारलं, "काय रे, पास का नापास?" तो म्हणाला, "ताईचं यंत्र नापास. मी फक्त लंगडा."

२४ फेब्रुवारी

पट्ट्या दुप्पट केल्या. पॅडलचा कोन बदलला. सरावही वाढवला. आता रमतगमत पळायचं नाही, थेट जोरात सुटायचं. ऋषभ रोज बसतो, मी रोज उठवते. काल म्हणाला, "तू पोलिसात जा. थर्ड डिग्री चांगली देशील."

आई म्हणाली, "निशू, त्याला झेपत नसेल."

"आई, तो तेवीस वर्षांचा आहे."

"म्हणजे काय? दुखत नाही का?"

हा मुद्दा तर्कात बसत नाही.

११ मार्च, मुंबई

दुप्पट रबर. सुरुवात छान. मग ऋषभने पॅडल सोडलं आणि आतून असा ओरडला की फर्नांडिसने थेट दार उघडलं. पोटरीचा गोळा बाहेरूनही दिसत होता. बराच वेळ सुटला नाही.

तेवढ्या वेळातली आकडेवारी मात्र मिळाली होती. साठा तळाशी. आंबटपणा नाही.

सर म्हणाले, "यंत्रात गडबड आहे, नाहीतर मुलगा सहकार्य करत नाही. एक काय ते ठरव. शेवटची वेळ पंचवीसला."

ठरवायला दोनच पर्याय होते. एक माझी चूक, दुसरी त्याची. मी दोन्ही लिहिल्या. मी निःपक्षपाती आहे.

१२ मार्च, सरावली

सकाळी ऋषभने बाथरूमच्या दाराशी बोलावलं. "ताई, हे बघ जरा. कोणाला सांगू नको." लघवीचा रंग काळ्या चहासारखा होता.

मी आईला सांगितलं. आई म्हणाली कावीळ. डहाणूच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं, सलाइन लावलं, भरपूर पाणी प्यायला सांगितलं. अहवाल मीही वाचला. काविळीत जे वाढतं ते बिलिरुबिन अगदी नेहमीसारखं, पण लिव्हरचे म्हणून जे बाकीचे आकडे असतात ते भरमसाट वाढलेले. डॉक्टर म्हणाले, "सुरुवात आहे काविळीची." मी म्हटलं, "बिलिरुबिन तर ठीक आहे." ते म्हणाले, "तुम्ही डॉक्टर आहात का?" नाही. यंत्रवाली आहे, आणि तेही चालत नाही.

१५ मार्च

लघवी साफ झाली, पण आईचं समाधान झालं नाही. ती त्याला सायवनला रूपीकडे घेऊन गेली. रूपी काविळीचं औषध देते. पाला वाटून देते, तेल-तिखट बंद करते आणि सांगेल तेवढे दिवस उसाचा रस पाजते. घरात आता विज्ञानाची तीन केंद्रं झाली: डहाणूचा दवाखाना, सायवनची रूपी आणि मी. निकाल कोणाचे येतात ते बघायचं.

२१ मार्च

निकाल रूपीचे आले.

ऋषभने धावायला जायचा हट्ट धरला. मैदान सोमवारी आहे. आईने निघताना दोन मोठे ग्लास रस पाजला. किनाऱ्यावर तो सुटला आणि न बसता सोळाशे मीटर संपवून आला. वेळ काठावरची होती, पण पास होण्याइतकी. आल्यावर वाळूत लोळून हसत होता. मी त्याला इतकं हसताना बऱ्याच दिवसांत पाहिलं नव्हतं.

"बघ," आई म्हणाली. "औषध लागू पडलं."

कावीळ नव्हतीच तर औषध कशाला लागू पडलं, हे मी विचारलं नाही. योगायोग असेल. किंवा माझं प्रशिक्षण. दुसऱ्या शक्यतेकडे माझा कल आहे.

२५ मार्च, मुंबई

आज शेवटची वेळ. ऋषभ येणं शक्य नव्हतं. उद्या पहाटे मैदान, म्हणून तो आज दुपारीच मित्रांबरोबर पालघरला जाऊन रांगेत बसणार आहे. सर म्हणाले, "मग तूच झोप."

मी आजवर झोपले नव्हते. बनवणाऱ्याने स्वतःवरच तपासू नये, असं कारण मी देत असे. खरं म्हणजे मला बंदिस्त जागेत आडवं पडून कोणाच्या तरी हुकमाने पाय हलवायला आवडत नाही.

झोपले. पॅडल दाबलं. जळजळलं, पाय भरून आला, तरी दाबत राहिले. बाहेर आले तर सर पडद्यासमोर उभे होते. साठा हळूहळू उतरलेला. आंबटपणा हळूहळू वाढलेला. थांबल्यावर दोन्ही पूर्ववत. पुस्तकात छापतात तशी रेघ.

"पास," सर म्हणाले. "अभिनंदन. एप्रिलपासून अभ्यासात घेऊ." फर्नांडिसने काळ्या दोऱ्याला नमस्कार केला.

मी हात धुवायला गेले. आरशात बघून हसायचा विचार होता.

यंत्र बरोबर आहे. तेच रबर, तीच फळी. मग ते अकरा फेब्रुवारीलाही बरोबर होतं. अकरा मार्चलाही. साठा तळाला गेला होता आणि पोटरी आंबट झाली नव्हती, हे त्याच पोटरीबद्दल खरं होतं.

परत जाऊन सरांना दोन्ही रेघा शेजारी शेजारी दाखवल्या. ते बसले. मग विचारलं, "हा जोरात धावला की पाय आवळतात? आणि थोडं थांबून सावकाश सुरू केलं की मग काही त्रास नाही?"

"हो."

"लघवी काळी?"

"हो."

"काम करण्याआधी गोड खातो?"

"चार चिकू," मी म्हटलं. "क्रेट उचलायच्या आधी."

आजाराचं नाव मॅकआर्डल. स्नायू आपल्यातलीच साठवलेली साखर फोडू शकत नाही. जन्मापासून. म्हणून जोराचं काम सुरू केलं की इंधन संपतं आणि स्नायू दगड होतो. आंबटपणाही नाही, कारण साखर जळतच नाही. थोड्या वेळाने रक्तातून इंधन पोहोचतं आणि मग माणूस खुशाल चालतो. वरून गोड प्यायलं तर तेवढ्यापुरतं निभतं. तसं न करता रेटलं की स्नायू फुटतो, त्याचा रंग लघवीत उतरतो. लिव्हरचे म्हणून वाढलेले ते आकडेही फुटलेल्या स्नायूचेच. जास्त झालं तर मूत्रपिंडं जातात.

"पण हा फक्त संशय आहे," सर म्हणाले. "दोन रेघांवरून निदान होत नाही. जनुकांची तपासणी लागेल. ती होईपर्यंत त्याला जोरात पळू देऊ नकोस."

ऋषभचा फोन बंद आहे. आत फोन नेऊ देत नाहीत, घरीच ठेवून गेलाय.

२६ मार्च, पालघर

उजाडताना मैदानाच्या फाटकाशी पोहोचले. हवालदार म्हणाला, "मुलींचं मैदान परवा." मी म्हटलं, भाऊ आत आहे, त्याला आजार आहे. तो म्हणाला, "आज सगळ्यांच्याच भावांना काही ना काही आहे, ताई." बराच वेळ गेला. शेवटी एका फौजदार बाईंनी रांगेतून ऋषभला जाळीपाशी आणलं. छातीवर आणि पाठीवर क्रमांक चिकटवलेला. रात्रभर जागा, पोटात काही नाही. त्याच्या आधी एकच गट उरला होता.

मी सांगितलं. शक्य तितक्या कमी शब्दांत. तो ऐकत होता, पण नजर मैदानावर.

"आता सांगतेस?"

"काल कळलं."

"लहानपणापासून नाटक म्हणालात. सगळे. आज उठून धावतोय तर आजार?"

"त्या दिवशी धावलास ते रसावर धावलास. आज रस नाही."

"तुझं यंत्र चुकतं, तूच म्हणालीस."

"यंत्र चुकत नव्हतं."

"मग कोण चुकत होतं?"

"वाचणारी."

पलीकडे शिट्टी वाजली, गट सुटला. जाळीच्या आतून त्याने हळू आवाजात विचारलं, "ताई, किती टक्के?"

मी आयुष्यात कोणालाही कशाचीही पूर्ण खात्री दिलेली नाही. पाऊस पडेल का विचारलं तरी मी शक्यता सांगते. त्याला हे माझ्याइतकंच माहीत आहे.

"शंभर," मी म्हटलं.

त्याने माझ्याकडे नीट पाहिलं. मग छातीवरचा क्रमांक सोलून काढला. पाठीवरचा त्याच्या हाताला येत नव्हता. तो पाठ करून उभा राहिला. मी जाळीतून हात घालून काढला.

खरा आकडा साठ-सत्तरच्या आसपास होता. उरलेले मी माझ्याकडचे घातले. आमच्या क्षेत्रात याला आकड्यांची अफरातफर म्हणतात आणि त्यावरून माणसाला काढून टाकतात.

२९ मार्च, सरावली

घरात मी सध्या मुलाची नोकरी घालवणारी मुलगी आहे. पप्पांनी फक्त एवढं विचारलं, "तपासणी झाली का?" रक्त दिलंय, निकालाला काही आठवडे लागतील. "म्हणजे अजून माहीत नाही." नाही. ते वाडीत निघून गेले. प्रितेशने निरोप पाठवला की त्याला आभारात नाव नको.

रूपीने आईला कळवलं की रस बंद करायचा नाही. यावेळी मी दुजोरा दिला, तेव्हा आई घाबरली.

८ एप्रिल

ऋषभ बारा दिवस माझ्याशी बोलला नाही. आज संध्याकाळी ओट्यावर येऊन बसला.

"निकाल उलटा आला तर?"

"तर तू मला जन्मभर ऐकवशील."

"आणि बरोबर आला तर?"

"तरी ऐकवशील."

"मग मला तोटा काय?"

"काहीच नाही."

त्याने विचार केला. "आणि बरोबर आला तर मी आळशी नाही, असं लिहून देतील का?"

"अहवालात 'आळशी' हा शब्द नसतो."

"मग तू दे लिहून."

लिहून दिलं. दोन प्रती मागितल्या, एक पप्पांसाठी. तारीख आणि सही घालायला लावली. खाली 'तपासणीच्या अधीन' असं लिहायला माझा हात वळला होता. लिहिलं नाही. अफरातफर एकदा केली की सवय लागते.

१९ मे

निकाल आला. मॅकआर्डल. दोन्ही बाजूंनी, म्हणजे आईकडून आणि पप्पांकडून एकेक सदोष जनुक. माझे तिसेक टक्के परत मिळाले.

पप्पांनी अहवाल उलटसुलट पाहिला. मग बाहेर गेले. खिडकीतून दिसलं, ओट्याशी ठेवलेले चिकूचे क्रेट ते स्वतः एकेक करून टेम्पोत चढवत होते. ऋषभ मदतीला उठला तर म्हणाले, "तू बस. नाहीतर आधी जरा फिरून ये, मग हात लाव." आवाज नेहमीसारखाच चिडका होता.

गोरक्षकर सरांचा फोन आला. अभ्यासात पहिला रुग्ण म्हणून ऋषभ येईल का? मी विचारलं. त्याच्या अटी: येण्याजाण्याची गाडी, दोन वेळचं जेवण, आणि माइकवर मी नको.

"का?"

"तू एक मिनिट म्हणतेस."

अट मान्य केली. माइकवर फर्नांडिस असेल.

ऐकवणं सकाळपासून सुरू झालं आहे. आत्ता तो आईला सांगतोय की मी जाळीपाशी रडत होते. हे साफ खोटं आहे. सांगू दे.